फर्दनवीस ते स्प्रेडशीट : विभागलेल्या गणनेचा इतिहास आणि तिची परीक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

'फडणीस' हा शब्द मराठी राज्यकारभाराच्या इतिहासात इतका रुळलेला आहे की त्याच्या मूळ अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फारसीत 'फर्द' म्हणजे कागदाचा सुटा ताव अथवा यादी, आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. तेव्हा 'फर्दनवीस' म्हणजे तावावर हिशेब मांडणारा, असा अर्थ निष्पन्न होतो. लोकव्यवहारात मात्र या शब्दाचा संबंध 'फड' या शब्दाशी, म्हणजे जेथे पुष्कळ कारकून एकत्र बसून काम करीत त्या कचेरीशी, जोडला गेला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पहिला अर्थ अधिक ग्राह्य असला तरी दुसरा अगदीच टाकाऊ नव्हे. हिशेबाच्या तावाचा इतिहास आणि तो ताव पुरा करणाऱ्या हातांचा इतिहास हे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, ही गोष्ट त्या लोकव्युत्पत्तीने नकळत सांगून ठेविली आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या दरबारीही फडणीस, चिटणीस ही पदे होती. भोसल्यांच्या वाड्यामुळे आणि तलावामुळे ओळखला जाणारा सक्करदरा हा भाग एके काळी शहराबाहेरचा होता; आज तो उमरेड मार्गावरील गजबजलेली वस्ती आहे. तेथील दुकाने, दवाखाने आणि हिशेबनिसांच्या कचेऱ्या यांतून जमाखर्च लिहिला जातो तो आता मोडीतील तावावर नव्हे, तर संगणकावरील स्प्रेडशीटवर. म्हणजे 'फर्द' राहिली. पालटला तो 'नवीस'. आणि या नव्या नविसाच्या पोटातही एक फड बसविलेला असतो. आजच्या प्रोसेसरमध्ये चार, आठ, सोळा असे स्वतंत्र गणन करणारे कोअर असतात.

येथे जो प्रश्न उद्भवतो तो व्यवहाराचा आहे, तसाच इतिहासाचाही. संगणकात आठ कोअर असतील तर स्प्रेडशीट त्या आठांचा पुरा उपयोग करते काय? आणि करते किंवा करीत नाही, हे ताडून कसे पाहावे? मार्चअखेरीस वर्षाचे हिशेब बंद करताना पडदा मिनिटामिनिटाला गोठू लागला की लहान कचेरीचा मालक अधिक कोअरचे नवे यंत्र विकत घेण्यास निघतो. त्या खर्चाचे चीज होईल की नाही, हे ठरविण्याचे साधन त्याच्या हाती क्वचितच असते. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की या प्रश्नाचे उत्तर कोअरच्या संख्येत नसून आकड्यांच्या परस्परावलंबनात आहे, आणि ही गोष्ट यंत्रयुगापूर्वीच्या दफ्तरांनाही पूर्णपणे परिचित होती.

२. चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर

पुण्याच्या हुजूर दफ्तराची रचना या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. पेशवाईतील या मध्यवर्ती कचेरीत दोनशेहून अधिक कारकून काम करीत, असे वर्णन आढळते. दफ्तराच्या विभागांपैकी दोन प्रमुख होते : एक 'चालते दफ्तर' आणि दुसरे 'एकबेरीज दफ्तर'. चालत्या दफ्तरावर फडणिसांची प्रत्यक्ष देखरेख असे आणि फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखांतून त्याचे काम चाले. एकबेरीज दफ्तरात सर्व प्रकारच्या हिशेबांचे वर्गीकरण होऊन ते एकत्र आणले जात. नाना फडणिसांच्या काळात या दफ्तरास शिस्त आली व दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत ती ढासळली, हे सर्वश्रुत आहे.

हिशेबाचा क्रम असा असे : रोजकीर्दीत दररोजची नोंद, तीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज आणि अखेरीस ताळेबंद. या क्रमात दोन भिन्न प्रकारची कामे मिसळलेली आहेत. दहा महालांच्या खतावण्या दहा कारकुनांकडे वाटून देता येतात. एका महालाच्या खतावणीला दुसऱ्या महालाची वाट पाहावी लागत नाही. परंतु ताळेबंदाची शेवटची बेरीज मांडणाऱ्याला दहाही तेरजा हाती आल्यावाचून लेखणी उचलता येत नाही. येथे कारकून वाढवून उपयोग नाही. नऊ जण हात बांधून बसणार आणि एक जण लिहिणार. 'एकबेरीज' हा शब्दच त्या अपरिहार्य एकाकी टप्प्याचे नाव आहे, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीस सोडून होणार नाही.

दुसरा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे तो 'ताळा'. केलेले गणित बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहणे म्हणजे ताळा पाहणे. काम किती हातांनी केले याने ताळा जमत नाही. उत्तर जुळले तरच जमतो. ही दृष्टी पुढे यंत्राची परीक्षा करतानाही उपयोगी पडेल.

३. हिंगणघाटचा धडा

परस्परावलंबी गणनेचे दुसरे उदाहरण विदर्भाच्या भूमीशीच निगडित आहे. कर्नल विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, ती हळूहळू उत्तरेस सरकत आली. हैदराबादेहून नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले. त्याची समाधी तेथेच आहे. पुढे हे काम जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे आले, आणि १८३१ मध्ये राधानाथ सिकदार हे गणनकार म्हणून त्यात दाखल झाले. 'कंप्युटर' हा शब्द त्या काळी यंत्राला नव्हे, तर गणित करणाऱ्या माणसाला लावीत.

या मोजणीचे गणित साखळीसारखे असे. पायारेषेवरून पहिल्या त्रिकोणाच्या बाजू काढावयाच्या, त्यांतील एक बाजू दुसऱ्या त्रिकोणाचा पाया होते, दुसऱ्याची बाजू तिसऱ्याचा. प्रत्येक ठाण्यावर घेतलेल्या कोनांचे शोधन अनेक गणनकारांना वाटून देता येई. पण बाजूंची साखळी वाटून देता येत नसे. तिसाव्या त्रिकोणाची लांबी एकोणतिसाव्याच्या आधी मिळणे शक्य नाही. दफ्तरातील महाल हे सुट्या कामाचे, तर मोजणीतील त्रिकोण हे साखळीच्या कामाचे उदाहरण होय. स्प्रेडशीटमध्ये या दोन्ही प्रकारांची सरमिसळ असते, आणि तिचे यश किंवा अपयश त्या मिश्रणाच्या प्रमाणावर अवलंबून राहते.

४. स्प्रेडशीट : गणनक्रमाचा शोध

स्प्रेडशीटचा इतिहास सामान्यतः १९७९ पासून सांगितला जातो. त्या वर्षी डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू या यंत्रासाठी तयार केलेली 'व्हिजिकॅल्क' बाजारात आली. तिच्यात पुनर्गणना ओळीओळीने किंवा रकान्यारकान्याने होई. एखाद्या वरच्या सेलचे सूत्र खालच्या सेलवर अवलंबून असेल तर पहिल्या फेरीत जुनाच आकडा घेतला जाई व बरोबर उत्तरासाठी पुनर्गणना पुन्हा करावी लागे. खतावणी होण्यापूर्वीच ताळेबंद लिहिण्यासारखा हा प्रकार होता.

वास्तविक या अडचणीवरील उपाय त्यापूर्वीच सापडलेला होता. रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी १९६९ मध्ये तयार केलेल्या 'लॅनपार' या प्रणालीत सूत्रे कोठेही लिहिली असली तरी त्यांच्या अवलंबनानुसार गणनेचा क्रम ठरविला जाई. १९८३ मध्ये आलेल्या 'लोटस १-२-३' ने हाच नैसर्गिक क्रम लोकांच्या सर्रास वापरात आणला. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर व १९८७ मध्ये विंडोजवर आलेल्या 'एक्सेल'मध्ये याच तत्त्वाचा विकास झालेला दिसतो. कोणता सेल कोणावर अवलंबून आहे याची नोंद ठेवावयाची आणि पालटलेल्या आकड्याशी संबंध असलेले सेलच पुन्हा काढावयाचे, ही ती पद्धती.

या टप्प्याचे महत्त्व त्या काळी वेगासाठी मानले गेले. तथापि पुढील घटनांच्या प्रकाशात पाहता त्याचे खरे महत्त्व निराळे आहे. अवलंबनाची नोंद तयार झाली याचाच अर्थ असा की कोणते सेल एकमेकांची वाट पाहत नाहीत, हेही यंत्राला कळू लागले. कामाची वाटणी करण्यास जे ज्ञान लागते ते अशा रीतीने वाटणीची साधने येण्यापूर्वीच सिद्ध झालेले होते.

५. एकाच्या जागी अनेक

अनेक प्रोसेसरांकडून एकच गणित करवून घेण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात पुण्यास झाला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेने अनेक ट्रान्सप्युटर जोडून तयार केलेला 'परम ८०००' हा महासंगणक १९९१ मध्ये प्रकट केला. या कार्याचे नेतृत्व करणारे विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातले असून नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६५ मध्ये पदवीधर झाले होते. या प्रकारच्या यंत्रांचा सर्वत्र आलेला अनुभव असा की प्रोसेसर जोडल्याने आज्ञावली आपोआप वेगवान होत नाही. कामाचे तुकडे कसे पाडावे आणि ते पुन्हा कसे सांधावे याचा विचार आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावा लागतो.

तो विचार घराघरांतील यंत्रांपर्यंत पोहोचण्यास आणखी दीड दशक लागले. १९९० च्या दशकात प्रोसेसरचा ठोका वर्षागणिक जलद होत होता, व जुनीच आज्ञावली नव्या यंत्रावर काही न करता वेगाने चाले. २००४ च्या सुमारास उष्णतेमुळे ही वाढ खुंटली. आयबीएमने २००१ मध्ये 'पॉवर ४' या प्रोसेसरात एकाच चकतीवर दोन कोअर बसविले होते. २००५ मध्ये इंटेल व एएमडी यांनी तीच रचना मेजावरील साध्या संगणकांत आणली. आता वेग वाढवावयाचा तर वाटणी करणे प्राप्त होते.

एक्सेलने २००७ च्या आवृत्तीत अनेक धाग्यांवर पुनर्गणना करण्याची सोय प्रथम दिली. 'धागा' म्हणजे एका वेळी एका कोअरवर चालणारा कामाचा प्रवाह. याच आवृत्तीत ओळींची मर्यादा ६५,५३६ वरून १०,४८,५७६ वर गेली, हा योगायोग लक्षणीय आहे. ताव मोठा झाला तेव्हाच हातही वाढवावे लागले. लिब्रेऑफिसच्या 'कॅल्क'मध्येही पुढे अशी सोय झाली. तेथे एकाच रकान्यात लागोपाठ तेच सूत्र असलेल्या सेलांचा गट करून तो धाग्यांवर वाटला जातो.

ही वाटणी सर्वांना लागू नाही. एक्सेलमध्ये 'इनडायरेक्ट' हे फलन, सारणीयुक्त शक्यता-परीक्षणाचे डेटा टेबल, व्हीबीएमध्ये स्वतः लिहिलेली फलने, पिव्हट सारणीतून आकडा आणणारे 'गेटपिव्हटडेटा' आणि चक्राकार अवलंबन असलेले सेल हे अनेक धाग्यांवर चालत नाहीत. त्यांचे काम एकट्या मुख्य धाग्यावर पडते. कारण उघड आहे. 'इनडायरेक्ट' कोणत्या सेलकडे बोट दाखवील हे ते चालेपर्यंत समजत नाही. ज्याच्या अवलंबनाची नोंद आगाऊ करता येत नाही त्याचे काम वाटून देणे धोक्याचे असते.

६. परीक्षेची पद्धती

यावरून परीक्षा कशी करावी हे सांगता येईल. प्रचलित समजूत अशी की टास्क मॅनेजर उघडून सर्व कोअरांचे आलेख वर चढलेले दिसले की पुरा उपयोग होत आहे. ही समजूत दोन बाजूंनी फसवी आहे. एक म्हणजे, संगणकाची मूळ प्रणाली एकाच धाग्याला कधी या कोअरवर तर कधी त्या कोअरवर हलविते. त्यामुळे आठ कोअरच्या यंत्रावर सर्व आलेख थोडेथोडे हालताना दिसतात, पण एकूण वापर साडेबारा टक्क्यांच्या आसपासच असतो. म्हणजे काम एकटाच करीत असतो. दुसरी बाजू पुढील विभागात येईल.

विश्वसनीय माप एकच, ते म्हणजे वेळ. एक्सेलच्या प्रगत पर्यायांत, सूत्रांच्या सदराखाली, धाग्यांची संख्या हाताने ठरविता येते. प्रथम पुनर्गणना हस्तचलित करावी व इतर आज्ञावल्या बंद ठेवाव्या. धाग्यांची संख्या एक ठेवून कंट्रोल, ऑल्ट व एफ९ या कळा एकत्र दाबून संपूर्ण पुनर्गणना करावी. पहिल्या वेळेचा आकडा सोडून द्यावा, कारण त्या वेळी अवलंबने तपासून क्रम लावण्याचे जादा काम होते. नंतर पाच वेळा मोजून मधला आकडा घ्यावा. हेच दोन, चार व आठ धाग्यांवर करावे. यंत्र सांगते ते कोअर खरे आहेत की एका कोअरचे दोन भासविलेले आहेत, हेही पाहून घ्यावे. भासविलेल्या कोअरकडून खऱ्याइतक्या कामाची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ लावण्याचे साधन जीन ॲम्डाल याने १९६७ मध्ये मांडलेल्या नियमात मिळते. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवितो. उदाहरणादाखल असे समजू की एका धाग्यावर ४० सेकंद लागले व चार धाग्यांवर २२. याचा उलगडा असा होतो की १६ सेकंदांचे काम एकट्याने करावयाचे आहे, व उरलेले २४ सेकंदांचे काम चौघांत वाटले जाऊन ६ सेकंदांत होते. आता आठ कोअरचे यंत्र आणले तर काळ १९ सेकंदांवर येईल; म्हणजे कोअर दुप्पट करून लाभ तीन सेकंदांचा. कोअर कितीही वाढविले तरी १६ सेकंदांच्या खाली जाता येणार नाही. ते १६ सेकंद म्हणजे या फर्देची एकबेरीज होय. ज्याला खर्च वाचवावयाचा आहे त्याने प्रथम ती एकबेरीज कशामुळे झाली आहे हे शोधावे.

७. सक्करदऱ्यातील एका कल्पित फर्देचे उदाहरण

सक्करदऱ्याच्या बाजारातील एखाद्या व्यापाऱ्याचा हिशेब लिहिणारा हिशेबनीस कल्पू. त्याच्या फर्देत वर्षाच्या दहा हजार नोंदी आहेत. पहिल्या भागात नग व दर यांचा गुणाकार करून रक्कम काढलेली आहे. हे दहा हजार गुणाकार महालांच्या खतावण्यांसारखे सुटे आहेत. ते कितीही कोअरांत वाटता येतात. दुसऱ्या भागात चालती शिल्लक आहे : मागील ओळीची शिल्लक, अधिक जमा, उणे नावे. ही लॅम्बटनच्या त्रिकोणांची साखळी होय. येथे आठांपैकी सात कोअर रिकामेच राहणार.

अशा वेळी एक युक्ती सुचविली जाते. प्रत्येक ओळीत मागील शिल्लक न घेता पहिल्या ओळीपासून त्या ओळीपर्यंतची संपूर्ण बेरीज नव्याने करावी. आता कोणतीही ओळ दुसरीवर अवलंबून नाही. सर्व कोअर कामाला लागतात आणि टास्क मॅनेजरमधील आलेख शंभर टक्क्यांना भिडतात. परंतु काम किती वाढले ते पाहावे. साखळीत जमेच्या रकान्यासाठी दहा हजार बेरजा पुरत होत्या; या रीतीने १ पासून १०,००० पर्यंतच्या संख्यांची बेरीज, म्हणजे ५,००,०५,००० इतके आकडे वाचून मिळवावे लागतात. आठांत वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्यास बासष्ट लाखांहून अधिक येतात. सर्व कारकून घामाघूम झाले आहेत आणि ताळेबंद मात्र पूर्वीपेक्षा उशिरा येतो, अशी ही स्थिती. आलेखावरील भरगच्चपणा हा उपयोगाचा पुरावा नव्हे, ही त्या समजुतीची दुसरी फसवी बाजू होय.

खरी वाट हुजूर दफ्तराच्या रचनेत आधीच दिसते. वर्षाचे बारा महिने वेगळे करावेत. प्रत्येक महिन्याची चालती शिल्लक शून्यापासून आरंभून स्वतंत्रपणे काढावी. या बारा साखळ्या एकमेकींची वाट पाहत नाहीत. मग बारा महिन्यांच्या अखेरच्या शिलकांवरून प्रत्येक महिन्याची आरंभीची शिल्लक काढावी. ही बारा पायऱ्यांची छोटी साखळी म्हणजे एकबेरीज. शेवटी ती आरंभीची शिल्लक त्या त्या महिन्याच्या प्रत्येक ओळीत मिळवावी; हे काम पुन्हा सुटे आहे. संगणकशास्त्रात समांतर संचित बेरजेची जी रीत शिकविली जाते तिचे तत्त्व हेच. महालवार तेरजा करून मग एकत्र बेरीज मांडणाऱ्या कारकुनाला ती नवी वाटली नसती. आणि दोन्ही रीतींनी काढलेली वर्षअखेरची शिल्लक जुळली की ताळाही जमतो.

येथे एक विवेक आवश्यक आहे. दहा हजार ओळींची साधी साखळी आजचे यंत्र क्षणार्धात संपविते; तेथे वाटणीचा खटाटोप करण्याचे कारण नाही. पडदा गोठतो तो बहुधा निराळ्या कारणाने : हजारो ओळींतून प्रत्येक वेळी आरंभापासून शोध घेणारी सूत्रे, कोणताही आकडा पालटला तरी पुन्हा चालणारी फलने, किंवा सोयीसाठी जागोजागी पेरलेले 'इनडायरेक्ट'. त्यांच्या जागी थेट निर्देश आणले तर पुष्कळदा जुन्याच यंत्रावर काम भागते. पूर्वी व नंतर वेळ मोजून पाहिल्यास हे ज्याचे त्यालाच दिसून येईल.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. स्प्रेडशीट अनेक कोअरांचा उपयोग करते की नाही, हा प्रश्न केवळ आज्ञावलीच्या नावावरून सुटत नाही. २००७ पासून साधन उपलब्ध असले तरी प्रत्येक फर्देची अंगची रचनाच त्याचे उत्तर ठरविते. दुसरे, परीक्षा करावयाची ती काळाची करावी, गर्दीची नव्हे. तिसरे, वाटणी होण्यास जे लागते ते हात नव्हेत, तर कोणता आकडा कोणाची वाट पाहतो याचे ज्ञान. आणि ते ज्ञान फर्द लिहिणाऱ्याइतके दुसऱ्या कोणास असू शकत नाही.

यंत्राने कारकुनाचे श्रम घेतले, पण फडणिसाचे काम घेतले नाही. कामाची मांडणी करणे, सुटे भाग सुटे ठेवणे आणि एकबेरजेचा टप्पा शक्य तितका लहान करणे, हे ते काम होय. सक्करदऱ्यातील हिशेबनिसाने नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी आपली फर्द एकदा या दृष्टीने वाचून पाहिली, तर त्या यंत्राची गरज आहे की नाही, हे त्याला स्वतःच्या आकड्यांवरूनच ठरविता येईल.